मदत हवी आहे: बेळगावचं राकसकोप धरण भरलं, तरी नळाला गढूळ पाणी. तुरटी किती टाकायची?

अनगोळकर: पाऊस ओसरलाय, तरी पाणी मातकटच. तुरटीचं प्रमाण तेवढं सांगा. उद्या सकाळी पाणी सुटणार आहे, लवकर सांगा.

कडोलीकर: टाकी किती लिटरची? गढूळ पहिली दहा मिनिटं येतं की शेवटपर्यंत?

नळजोड: दुसरा प्रश्न महत्त्वाचा. चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं, मधे लाइन रिकामी राहते आणि गळक्या जोडातून बाहेरची घाण आत शिरते. कुणी लाइनीलाच मोटार लावली की ओढ वाढते. पहिलं पाणी टाकीत घेऊ नका. काळपट आणि वासाचं असलं तर तुरटीने भागणार नाही. पिऊ नका, लगेच तक्रार द्या.

शहापूर_१: सरळ आरओ बसवा.

नळजोड: आरओ क्षार काढतो. गाळाचं पाणी सोडलं तर मेंब्रेन (आतला गाळणारा पडदा) लवकर तुंबतो.

हुक्केरीवाला: राकसकोप जेमतेम 0.6 टीएमसी (अब्ज घनफूट). घटप्रभेवरचं हिडकल धरण 51! सगळं शहर हिडकलवर घ्या. तसंही राकसकोपची मार्कंडेय नदी घटप्रभेलाच मिळते, म्हणजे पाणी फिरून तिथंच.

कडोलीकर: नाही हो. संगम हिडकलच्या खाली, गोकाकच्या बाजूला. राकसकोपचा थेंबही हिडकलात जात नाही. आणि हिडकलचं पाणी शहरात पंपाने चढवावं लागतं, वीज गेली की तेही बंद. दोन्ही हवीत.

अनगोळकर: धरणं राहू देत हो! टाकी 1000 लिटर. शेवटपर्यंत मातकट, वास नाही.

कडोलीकर: मग तुरटी चालेल. 10 ग्रॅम तुरटी 1 लिटर पाण्यात विरघळवा. त्याच गढूळ पाण्याने एकेक लिटरच्या पाच बाटल्या भरून त्यात 1, 2, 3, 4, 5 मिली घाला. मिनिटभर जोरात, दहा मिनिटं हळू ढवळा, अर्धा तास ठेवा. सगळ्यात कमी डोसात नितळ झालेली बाटली धरा. 3 मिली म्हणजे टाकीला 30 ग्रॅम. खडा तसाच टाकू नका, तळाशी पडून राहतो. नितळल्यावर वरचंच पाणी दुसऱ्या भांड्यात काढा.

नळजोड: ब्लीचिंग त्यानंतर. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खपतं. 25 टक्के क्लोरीनची पावडर 1000 लिटरला 8 ग्रॅम, अर्ध्या तासाने लिटरमागे किमान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन उरायला हवं.



अनगोळकर: म्हणजे 30 ग्रॅमच टाकतो.

कडोलीकर: बाटल्या करून बघा आधी. पाऊस पडला की डोस बदलतो.