नुरागे म्हणजे खरंच किल्ले, की आपण उगाच म्हणतोय?

भटक्या७७: इटलीच्या सार्डिनिया बेटावरचे ते दगडी बुरूज, नुरागे, ब्राँझ युगातले. जिथे वाचावं तिथे 'किल्ले', आणि मला काही पटत नाही. अहो बेटभर सातेक हजार आहेत, हिशोब केला तर साडेतीन चौरस किलोमीटरमागे एक! एवढे किल्ले कोण कुणाविरुद्ध बांधतं? त्यातले बहुतेक नुसता एक बुरूज, आत गोल खोली, शिबंदी मावणार किती. मला तर बड्या कुळाचं घर, कोठार आणि थोडा रुबाब एवढंच दिसतं.

दगडफोड्या: एकटे बुरूज बाजूला ठेवा, बारुमिनी गावचं सू नुराक्सी हे मोठं नुरागे घ्या. मधला बुरूज तीन मजली, भोवती चार बुरूज भिंतीने जोडलेले, आतल्या चौकात विहीर. पुढे त्या सगळ्याला बाहेरून अजून एक जाड भिंत चढवली आणि दार जमिनीवरून उचलून पार वर नेलं. रुबाब दाखवायचा तर पाहुणे काय शिडीने यायचे? १९५० च्या दशकात तिथे खोदणारे जोवान्नी लिल्लिऊ पण किल्लाच म्हणायचे.

भटक्या७७: त्याच जाड भिंतीने जुने झरोके बुजले हे नाही सांगितलंत! बाण मारायला होते म्हणतात ना, मग बुजवले कशाला? उजेड-वाऱ्याचे असतील.

दगडफोड्या: वरून मारा करता येत असेल तर खालची भोकं कशाला हवीत, ती तर कमजोर जागा. माथ्यावर बाहेर आलेला सज्जा होता, त्याचे दगडी हात खाली पडलेले सापडलेत.

मधलीआळी: तुम्ही दोघं शेकडो वर्षं एका फोटोत कोंबताय. नंतरच्या काळात याच लोकांनी बुरुजांच्या छोट्या दगडी नि ब्राँझच्या प्रतिकृती केल्या, काही तर सभेच्या झोपडीत मधोमध मांडलेल्या. म्हणजे तोवर ते देवघरातल्या वस्तूसारखं झालं होतं. आधी काय होतं तो वेगळा प्रश्न.

दगडफोड्या: त्याच ब्राँझमध्ये धनुर्धारी आणि शिंगवाले शिरस्त्राण घातलेले योद्धे पण भरपूर आहेत हो 😄 आणि माल्टाला बोर्ज इन-नादूरला बघा, तीही ब्राँझ युगातलीच, सोंडेवरची वस्ती आणि तटबंदी आतल्या जमिनीच्या बाजूला. शत्रू जहाजातून येतो हे आपल्या डोक्यात, त्यांना शेजाऱ्याचीच धास्ती असणार. तसं असेल तर सात हजार का जास्त वाटतात?

भटक्या७७: हं. बोर्ज इन-नादूर मान्य. सू नुराक्सी निम्मं मान्य. पण ते हजारो एकटे बुरूज तुम्ही पहिल्याच ओळीत बाजूला ठेवलेत, त्यांचं बोला आधी.