तुवाल, टॉवेल आणि टॉवेल-टोपी

शंका: माझं माहेर सोलापूर, सासर सावंतवाडीकडे. सुट्टीत सासूबाईंना घेऊन माहेरी आले होते. चादरींच्या दुकानात गेलो तर त्या म्हणाल्या, "चार तुवाल दाखवा." काउंटरवरचा पोरगा हसला, "टॉवेल म्हणा की आज्जी!" सासूबाई गप्पच झाल्या. तुवाल हा टॉवेलचा अपभ्रंशच ना? मग हसण्यासारखं खरंच होतं का?

उत्तर: त्या पोराला सांगा, आजींचा शब्द त्याच्या शब्दापेक्षा इथं आधी आलेला आहे. तुवाल इंग्रजीतून आलेला नाही, तो पोर्तुगीज 'तोआल्या'वरून आला. पगार, चावी, बटाटा, इस्त्री, घमेलं ही मंडळी ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं. गोव्यात आजही तुवालोच म्हणतात आणि हिंदीतला तौलिया त्याचाच भाऊ. टॉवेल नंतर इंग्रजांबरोबर आला. म्हणजे एकच शब्द आपल्याकडे दोनदा आला, एकदा गलबतातून आणि एकदा साहेबाच्या सामानातून.

दोघांचा मूळपुरुष एकच. इंग्रजीनं तेराव्या शतकात जुन्या फ्रेंचमधला 'तोआय' उचलला, आणि फ्रेंचांना तो जर्मानिक लोकांकडून मिळाला होता. त्या मूळ धातूचा अर्थ पुसणं नव्हे, धुणं. धुताना लागतं ते कापड, म्हणून टॉवेल. पुढं घरोघरी अर्थ पांगले. इटालियनमध्ये 'तोवाल्या' म्हणजे टेबलावर अंथरायचं कापड, तर डच लोकांनी त्याच कुळातल्या 'डव्हाइल'ला लादी पुसायला लावलं. एक भाऊ जेवणाच्या टेबलावर, दुसरा फरशीवर!

आणखी एक, माझ्याच घरातलं: आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू. आमची अम्मा तुव्वालु म्हणते. मला वाटायचं तो अस्सल तेलुगू शब्द. आता कळतंय की घरात वडील तुव्वालु म्हणतात आणि कारखान्यात तेच वडील टॉवेल म्हणतात, ते का. घरातला शब्द किनाऱ्यावरून आला, बिलातला इंग्रजीतून.

बरं, माग चालवणाऱ्याला शब्दापेक्षा फासा महत्त्वाचा. साध्या कापडाला ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, एक बीम (रूळ) पुरतो, टॉवेलला दोन लागतात. एक ताठ ओढलेला, दुसरा मुद्दाम सैल. आडवे दोन धागे पडेपर्यंत धागे ठोकणारी फणी अर्ध्यावरून परत फिरते, तिसऱ्याला पूर्ण ठोका देते. तिन्ही धागे एकदम पुढं सरकतात आणि सैल ताणा फुगून वर येतो, तोच फासा. पाणी तोच पितो. फासेदार टॉवेलला आपण टर्किश म्हणतो, कारण हेन्री ख्रिस्ती या इंग्रजानं हे कापड तुर्कस्तानात पाहिलं, आणि 1851च्या लंडनच्या प्रदर्शनात यंत्रावर विणलेला टॉवेल मांडला गेला. तुर्कांचा स्वतःचा शब्द मात्र 'हवलू', म्हणजे लव असलेलं. इंग्रजांनी नाव कामावरून ठेवलं, तुर्कांनी अंगावरून. विणणारा म्हणून मला तुर्कांचं पटतं.

शंका: मग नॅपकिन म्हणजे छोटा टॉवेल का?

उत्तर: आपल्याकडे हो. सोलापुरात नॅपकिन मागितला तर हात पुसायचा फासेदार तुकडाच मिळेल. इंग्रजाच्या टेबलावर मात्र तो मांडीवर घ्यायचा कपडा. 'नॅप' म्हणजे टेबलाचं कापड, 'किन' म्हणजे लहानसं. मूळ लॅटिन 'माप्पा', तेही कापडच. नकाशाचा मॅप त्याच्यातूनच निघाला. एप्रनही याच घरातला. तो आधी 'नेप्रन' होता, पण 'अ नेप्रन' म्हणता म्हणता त्याचा 'न' आधीच्या 'अ'ला जाऊन चिकटला. हे कळल्यापासून स्वयंपाकघरात एप्रन घालून नकाशा उघडायचा मोह होतो.

आता आपल्या वापराकडे या, कारण खरी गंमत तिथं आहे. टॉवेल शब्द परका, पण 'टॉवेल-टोपी' शंभर टक्के आपली. लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी, निवृत्तीला टॉवेल-टोपी, गावात कोणी निवडून आलं की टॉवेल-टोपी. त्यानं अंग कोणी पुसत नाही, तो मान असतो. कपाटात घडी तशीच राहते आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. (आमच्याकडचा एक हिरव्या काठाचा टॉवेल असा फिरत परत आमच्याच घरी आला. कोपऱ्यात हळदीचा डाग होता, म्हणून ओळखला.) 'त्यांनी आम्हाला साधी टॉवेल-टोपीसुद्धा केली नाही' या तक्रारीचं भाषांतर कोणत्या शब्दकोशात सापडेल?

शेवटचं: इंग्रजीत 'टॉवेल टाकला' म्हणजे हार मानली. मुष्टियुद्धात खेळाडूचा माणूस रिंगणात टॉवेल भिरकावतो आणि लढत थांबते. त्याआधी स्पंज उडवायचे. हा प्रयोग काही जण मराठीत तसाच्या तसा आणतात, 'अखेर त्यांनी टॉवेल टाकला' वगैरे. कशाला? आपल्याकडे 'हात टेकले' आहे की. शिवाय सोलापूरच्या एसटी स्टँडवर याचा अर्थ नेमका उलटा होतो. अक्कलकोटची गाडी फलाटाला लागायच्या आधीच पळत जाऊन खिडकीतून टॉवेल टाकणारा हार मानत नाही बे, तो जागा धरतो.