मदत हवी आहे: किंबर्लीच्या प्रवासासाठी जुनी डिस्कव्हरी घ्यावी की प्राडो?

नमस्कार मंडळी,

आम्ही पर्थला असतो. जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येताहेत आणि त्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला, किंबर्ली भागातला गिब रिव्हर रोड करायचा आहे. ६६० किलोमीटरचा रस्ता, बराचसा कच्चा, आणि तो सुरू होतो त्या डर्बीपर्यंतच इथून दोन हजार किलोमीटरच्या वर. त्यासाठी जुनी गाडी बघतोय. २०१५ची लँड रोव्हर डिस्कव्हरी ४ (३ लिटर डिझेल) की २०१८ची टोयोटा प्राडो (२.८ डिझेल), इथे गाडं अडलंय.

बाबांची सगळी नोकरी पिंपरीला टाटांच्या टेल्कोत, पेंट शॉपमध्ये झाली. २००८ साली टाटांनी फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर घेतली तेव्हा त्यांनी सोसायटीत पेढे वाटले होते. मॉरिस विल्क्सने वेल्समधल्या अँगलसीच्या किनाऱ्यावर वाळूत रेघोट्या मारून पहिल्या लँड रोव्हरचा आराखडा दाखवला, युद्धानंतर पोलाद मिळेना म्हणून बॉडी ॲल्युमिनियमची झाली, १९४८ला ती ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली, हे सगळं मी लहानपणापासून त्यांच्याच तोंडून ऐकलंय. त्यांना लँड रोव्हरमध्ये पुढच्या सीटवर बसवून गिबवरची पेंटेकॉस्ट नदी ओलांडावी असं फार मनात आहे.

टोयोटाची पुण्याईही कमी नाही. १९५१ला त्यांची बीजे, म्हणजे लँड क्रूझरची पूर्वज, फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढली होती. इथे थीस कंपनीने पन्नासच्या दशकाच्या शेवटी स्नोई माउंटन्सच्या धरणांच्या कामावर लँड क्रूझर आणल्या आणि तिथून ऑस्ट्रेलियात तिचं नाव झालं.

मन डिस्कव्हरीकडे ओढतं, पण दोन वर्षांपूर्वीचा अनुभव विसरता येत नाही. तेव्हाची आमची गाडीही महागातली होती, कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. माउंट मॅग्नेटच्या अलीकडे कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) पाइपचा प्लॅस्टिकचा सांधा फुटला. अंगठ्याएवढा तुकडा, हातात घेतला तर बिस्किटासारखा चुरा झाला. ४१ अंशांत बायको आणि दोन मुलं पाच तास गाडीच्या सावलीला बसून होती. तो तुकडा यायला पुढे अकरा दिवस लागले. आता सोबत ७३ वर्षांचे बाबा आणि गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली आई असणार आहे.

आतापर्यंत जमवलेली माहिती अशी. डिस्कव्हरीत ताकद भरपूर, बसायला ऐसपैस. पण टाकी ८२ लिटरची, प्राडोची १५० लिटरची, आणि गिबवर डिझेल मोजक्याच ठिकाणी मिळतं. डिस्कव्हरीच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तो ठरावीक काळाने बदलावा लागतो, शिवाय मागे डिझेल पंपाचा वेगळा बेल्ट. प्राडोला चेन. गिबचा रस्ता म्हणजे पन्हाळी पत्रा आडवा टाकल्यासारखा, त्यावर डिस्कव्हरीचं जुनं एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) किती तग धरेल याची मला धास्ती आहे. डिस्कव्हरीच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट (मुख्य फिरता दांडा) तुटतो असंही सारखं कानावर येतं.

प्राडो घेऊन तरी निर्धास्त व्हावं, तर तेही नाही. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० मधल्या डिझेल हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडोच्या डीपीएफवरून (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) इथे फेडरल कोर्टात खटला झाला आणि २०२२ला निकाल ग्राहकांच्या बाजूने लागला. हा दोष ताशी १००च्या आसपास सलग चालवताना डोकं वर काढायचा. पर्थ ते डर्बी आम्ही दुसरं काय करणार?

तर जाणकारांनी कृपया सांगावं. डिस्कव्हरी ४ घेऊन कोणी गिब किंवा तसाच लांबचा कच्चा रस्ता केलाय का? सस्पेन्शनने दगा दिला तर वाटेत काय करता येतं? दोन्ही बेल्ट खरंच बदललेत हे सर्व्हिस बुकाशिवाय आणखी कशावरून ओळखायचं? आणि प्राडोचा डीपीएफ सुधारून घेतलाय की नाही, हे विकणाऱ्याला नेमकं कोणत्या शब्दांत विचारू? ब्रूम किंवा कुनुनुरा भागात कोणी मराठी मंडळी असतील तर तिथे कोणत्या गाडीचे पार्ट पटकन मिळतात तेही कळवा.

"घरचीच गाडी आहे, घेऊन टाका" असं कृपया नुसतं लिहू नका, ते बाबा रोज फोनवर सांगताहेत. डिस्कव्हरी बघायला रविवारी सकाळी मँडुराला जायचं ठरलंय. त्याआधी उत्तर मिळालं तर फार उपकार होतील.