पहिली सेकंडहँड मोटारसायकल : कोकणात गाडी घेताना आलेले अनुभव सांगा

माझी भाची जूनपासून जामसंड्याला नोकरीला लागतेय. राहणार आमच्याकडे, मिठबावला. रोजचं येणं-जाणं पस्तीस-चाळीस किलोमीटर आणि एस.टी.च्या वेळा तिच्या ड्युटीला जुळत नाहीत. तिला मोटारसायकलच हवी आहे, स्कूटर नको. लर्निंग लायसन्स निघालंय, चुलतभावाच्या गाडीवर माळावर गिअर टाकायला शिकली आहे. बजेट 35 हजार, म्हणजे सेकंडहँडच.

मी स्वतः 2009 मध्ये पहिली गाडी घेतली ती किनाऱ्यावरच्या एका गावातून. टाकी आरशासारखी चमकत होती, सीटकव्हर नवं, काळा रंग ताजा. मी खूश. दुसऱ्या पावसाळ्यात गाडी स्टँडवर तिरकी उभी राहायला लागली म्हणून मेस्त्रीकडे नेली. त्याने खाली वर्तमानपत्र अंथरलं, गाडी आडवी केली आणि इंजिनखालच्या फ्रेमच्या पाइपावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर न लावता तो अर्धा इंच आत गेला. लाल खपल्या भसाभसा कागदावर पडल्या. त्या ताज्या रंगाने तेवढंच झाकलं होतं. तो मेस्त्री तेव्हा म्हणाला, "गाडी खालसून बघूची, वयसून नाय." म्हणजे गाडी खालून बघायची, वरून नाही. तेव्हापासून ते वाक्य मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत आलोय.

आता वेळ घरातल्या पोरीची आहे, म्हणून विचारतोय. तुम्ही पहिली गाडी घेताना काय बघितलं, काय बघायचं राहिलं, नंतर किती खर्च निघाला, ते लिहा. शहरातल्या लोकांचे सल्ले भरपूर मिळतात. खारी हवा, चार महिने पाऊस आणि चढ-उतार असलेल्या आपल्या रस्त्यांवरचं ऐकायचं आहे.

मालवण

बावीस वर्षं गॅरेज चालवतोय, त्यामुळे जरा लांबेल.

बघायला जायचं ते सकाळी, आणि आदल्या दिवशी फोन करून सांगायचं की गाडी स्टार्ट करून ठेवू नका. पोचल्यावर पहिला हात इंजिनवर. गरम लागलं तर मालकाने आधी किक मारमारून ती जागी केलेली आहे, असं समजा आणि दुसऱ्या दिवशी परत जा. थंड गाडी किती किकमध्ये लागते ते मोजा. सुरुवातीला सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ येते, ती जाते. निळसर धूर पाच मिनिटांनीही राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. बोअर-पिस्टनचं काम निघालं की तुमच्या भाचीच्या बजेटचा मोठा लचका गेला.

पुढच्या शॉकपच्या पाइपांवरून बोट फिरवा. किनाऱ्याकडच्या गाडीला तिथे गंजाचे बारीक खड्डे पडतात. ऑइल सील कितीदा बदला, पाइप खडबडीत असला की तो फाडणारच. मग टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. आतून तांबूस दिसली तर तो गंज कार्बोरेटरमध्ये उतरतो आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला, हँडल सावकाश या बाजूकडून त्या बाजूला न्या. मध्यावर खटका लागला तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. मागच्या स्प्रोकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रावर, चेन धरून मागे ओढा. दातावरून उचलली गेली तर चेनकिट संपलं. टायरवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी भरपूर आहे म्हणून फसू नका, सात-आठ वर्षांचं रबर कडक होतं आणि ओल्या डांबरावर पकडत नाही.

आणि एक गोष्ट फक्त आपल्याकडची. मासे वाहिलेली गाडी ओळखायला शिका. पाटीतलं बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं मागे ठिबकत राहतं. वरून काही कळत नाही. सीट काढा, मागच्या मडगार्डच्या आतून हात घाला, मागच्या शॉकपचे खालचे बोल्ट आणि स्विंगआर्म बघा. बोल्टाचं डोकं गोल होऊन गेलं असेल, पाना बसत नसेल, तर ती गाडी कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. किलोमीटरचा आकडा मी बघतच नाही. मीटरची केबल तुटून दोन वर्षं तशीच चाललेल्या गाड्या माझ्याकडे रोज येतात.

चिपळूण

वरच्या दादांनी मिठाचं लिहिलं, मी गोड्या पाण्याचं लिहितो. 22 जुलै 2021 च्या पुरात आमची गाडी दोन दिवस पाण्याखाली होती. ती गेली. पुढच्या वर्षी पैसे जमवून दुसरी घेतली, घाटमाथ्यावरून आलेली आहे असं सांगून विकलेली. तीही पुराचीच निघाली.

कळलं कसं? कुंभार्ली घाटात रात्री साडेआठला हेडलाइट गेली. मागे बायको, समोर ट्रक. कडेला थांबून टॉर्चच्या उजेडात बघतो तर हेडलाइटच्या काचेच्या आतल्या बाजूला एक पातळ तपकिरी रेघ, अगदी फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ. आमच्या घराच्या भिंतीवर तशीच रेघ होती. मला तिथेच रडू आलं.

नंतर मेस्त्रीने दाखवलं : एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात मऊ गाळ, वायरिंगच्या कपलरमध्ये हिरवट बुरशीसारखं, सीटच्या फोमला कुबट वास. यातली एक गोष्टसुद्धा बघायला पाच मिनिटं लागत नाहीत. चिपळूण, महाड, खेड कुठलीही नदीकाठची गाडी असली तर एवढं बघाच. आणि ऑइलची काडी काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

मुरूड

मी 2018 मध्ये गाडी शिकले, चोवीस वर्षांची होते. उंची पाच फूट एक इंच. मावसभाऊ स्वस्तात देत होता म्हणून 150 सीसीची घेतली. सपाटीवर छान चालायची. पाय टेकायला फक्त चवडे पोचत होते, पण चालवताना कुठे पाय टेकायचे असतात, असं तेव्हा वाटायचं.

आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने जायचं होतं. जेट्टीचा उतार ओला, कडेला शेवाळ, पुढची कार अचानक थांबली. मी ब्रेक दाबला, उजवा चवडा टेकवला आणि तो सरकला. गाडी पायावर. वेग शून्य होता, तरी घोटा सहा आठवडे प्लास्टरमध्ये. उचलायला दोन माणसं लागली, मला एकटीला ती हलवताही आली नव्हती.

ती विकून जुनी स्प्लेंडर घेतली. साधारण 110 किलोची गाडी, दोन्ही टाचा जमिनीला. आजही तीच चालवते. म्हणून तुमच्या भाचीला माझं सांगणं आहे, ताई, गाडी बघायला गेलीस की आधी चालवू नकोस. बस, टाचा टेकतात का बघ. उतर, एकटीने मधल्या स्टँडवर घे. मग थोड्या चढावर तोंड करून उभी कर आणि बसल्या बसल्या मागे-पुढे ढकल. जमलं तर किल्ली माग. घरातल्या पुरुषांना जमलं म्हणजे तुला जमेल असं नाही. तुझ्यासोबत आलेल्यांनी "सवय होईल" म्हटलं तरी ऐकू नकोस.

सावंतवाडी

आमच्याकडे गोव्याची गाडी स्वस्त मिळते म्हणून लोक घेतात, मीही घेतली. दुसऱ्या राज्यातली गाडी 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्याला तिकडची एनओसी, इथला कर, शिवाय हेलपाटे. वाचवलेले पैसे त्यातच गेले. एमएच 07 ची, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातलीच घ्या आणि सुखी व्हा.

दुसरं, आरसीवर कर्जाचा बोजा आहे का ते एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघता येतं. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 विकणाऱ्याकडून घ्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या व्यवहाराच्या दिवशीच. चासी नंबर हँडलखाली फ्रेमवर ठोकलेला असतो, तो आरसीशी स्वतः ताडून बघा. खरवडलेला किंवा वेल्डिंग दिसलं तर तिथूनच माघारी फिरा. आणि 15 वर्षांचं रजिस्ट्रेशन कधी संपतंय? पंधरा वर्षं भरत आलेली गाडी स्वस्तात मिळते ती त्याचसाठी. पुढे नूतनीकरण आणि पर्यावरण कर तुमच्या गळ्यात.

रत्नागिरी

सावंतवाडीकरांच्या सह्यांच्या मुद्द्यावर. आमच्या वाडीतल्या एका चाकरमान्याने शिमग्याला गाडी विकली, स्टँपपेपरवर लिहून दिलं आणि मुंबईला गेला. घेणारा मी. "गणपतीत येतो तेव्हा नावावर करू." त्या गणपतीत तो आला नाही, पुढच्या वर्षी वारला. वारसाचे कागद, त्याच्या बायकोच्या डोंबिवलीहून फेऱ्या, सगळं मिळून दीड वर्ष. त्या माउलीला माझ्यामुळे दुःखात आरटीओच्या रांगेत उभं राहावं लागलं, ते मला अजून खातं. विश्वासाची माणसं असतील तर उलट त्याच दिवशी कागद करा.

कुडाळ

थोडक्यात : 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस 6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाड्या बहुतेक कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनच्या. चालवायला सोप्या, चोकचा त्रास नाही, पण बॅटरी पूर्ण बसली की अडवतात आणि गावातला प्रत्येक मेस्त्री त्यांना हात घालत नाही. 35 हजारांत बहुधा 2013 ते 2018 मधली कार्बोरेटरवाली मिळेल. 100-110 सीसीची स्प्लेंडर, प्लॅटिना, किंवा 125 ची शाईन. यांचं सामान आडगावातल्या दुकानातही मिळतं. भर पावसात क्लचची केबल तुटते तेव्हा हे महत्त्वाचं.

लांजा

35 हजार हातात असतील तर गाडी 28 च्या वर बघू नका. मी सगळे पैसे गाडीत घातले आणि पुढचे तीन महिने गुळगुळीत टायरवर फिरलो, कारण टायरला पैसे नव्हते. दोन टायर, चेनकिट, ब्रेकशू, केबल, बॅटरी, विमा नावावर करणं, बरं हेल्मेट. प्रत्येक गाडीला यातलं निम्मं तरी लागतंच.

मिठबाव, पुन्हा मी

सगळ्यांचे मनापासून आभार. मुरूडच्या ताईंचं लिखाण भाचीने दोनदा वाचलं.

तीन गाड्या बघितल्या. पहिलीच्या इंजिनवर हात ठेवला, गरम. मालक म्हणाला, आताच दुधाला जाऊन आलो. नमस्कार करून निघालो. दुसरी दिसायला झकास, पण सीट काढून मडगार्डच्या आत हात घातला तर बोटांना लाल पावडर, आणि शॉकपचा बोल्ट मालवणच्या मेस्त्रींनी लिहिला होता अगदी तसाच गोल. भाचीनेच मला तो दाखवला.

तिसरी कणकवलीजवळच्या एका निवृत्त शिक्षकांची, 2015 ची स्प्लेंडर, एकच मालक. टाकीवर ओरखडे, एक इंडिकेटर चिकटपट्टीने बांधलेला. सकाळी साडेसातला थंड गाडी दुसऱ्या किकला लागली, धूर नाही. फ्रेमखाली मी स्क्रूड्रायव्हर टेकवून बघितला, त्यांनी स्वतःच टेकवायला सांगितला. भाची बसली, टाचा टेकवल्या, एकटीने स्टँडवर घेतली, मग त्यांच्या खळ्याच्या चढावर मागे-पुढे केली. 27 हजारांत ठरली. गुरुजींनी फॉर्म 29 आणि 30 वर तिथेच सह्या केल्या आणि किल्लीसोबत सर्व्हिसच्या पावत्यांची एक वही तिच्या हातात ठेवली.

टायर दोन्ही 2016 चे आहेत, ते उद्या बदलतोय. नावावर करायचे कागद सोमवारी ओरोसला, आरटीओत. तोवर रोज संध्याकाळी ती एल लावून वाडीच्या चढावर हाफ क्लच शिकतेय. काल तीनदा बंद पडली, आज एकदाच.