येतंय तर करत का नाही? सरांना काय उत्तर देऊ?

नववीची आई
मुलगा १४ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं किंवा चंचलपणा आवरणं मेंदूला अवघड जातं, ते) निदान झालं, पण त्यातला लक्ष न टिकण्याचा प्रकार. बाकावरून उठत नाही, दंगा नाही, आणि तेच नडतंय! गप्प बसून खिडकीबाहेर बघतो म्हणून आळशी ठरलाय. गणितात तोंडी प्रश्नाला पहिला हात त्याचा, घरच्या अभ्यासाची वही मात्र कोरी. सर म्हणतात, "येतंय तर करत का नाही? म्हणजे मुद्दामच." परवा प्रकल्प पूर्ण करून दप्तरात होता, तो द्यायचाच राहिला. शून्य गुण. तपासणीचा अकरा पानी अहवाल शाळेत कधीच दिलाय, कुणी उघडला असेल असं वाटत नाही. भेटायला गेले की माझाच गळा दाटतो आणि धड बोलता येत नाही.

खडूवाला
ताई, राग मानू नका, मी शिक्षक आहे आणि तो अहवाल मीही वाचला नसता. त्यात गुणांक असतात, उद्या तिसऱ्या तासाला मी काय करायचं ते नसतं. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला अर्ध्या पानाची चिठ्ठी दिली होती. त्यात होतं, 'एका दमात तीन सूचना दिल्या तर तिच्यापर्यंत एखादीच पोचते.' मी तर गृहपाठ घंटा वाजता वाजता सांगायचो! तेव्हापासून तास सुरू होतानाच फळ्यावर लिहितो. बाकीच्या पोरांचंही विसरणं कमी झालं, हे वरकड.

दोघांची आई
औषध चालू असेल तर वेळाही कळवा. माझी मुलगी मिथाइलफेनिडेटची साधी गोळी घेते, तिचा असर साधारण चार तास. सकाळचे शिक्षक आणि दुपारचे शिक्षक जणू दोन वेगळ्या मुलींबद्दल तक्रार करायचे. आणि सरांना आकडेच पटत असतील तर २००७ चा अमेरिकेतला मेंदूच्या स्कॅनचा अभ्यास सांगा: मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी इतर मुलांत सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास कमाल होते, या मुलांत साडेदहाच्या. वाढ होते, पण उशिरा.

उशिरा कळलेला
मला स्वतःला निदान ३४ व्या वर्षी झालं. चारचौघांत "अरे, लक्ष कुठंय?" झालं की मी मुद्दाम उलट बोलायचो. मठ्ठ दिसण्यापेक्षा उद्धट दिसलेलं परवडायचं. तेव्हा चिठ्ठी लिहा, पण आधी त्याला दाखवा. त्याच्या पाठीमागे लिहिलीत तर शिक्षक राहिले बाजूला, तो तुमच्यावरच चिडेल.

नववीची आई
दाखवली. माझ्या बारा ओळींतल्या दहा त्याने खोडल्या, एक स्वतःची घातली. 'खूप हुशार आहे हो' हे पहिलं गेलं. उरलं ते असं: गृहपाठ फळ्यावर लिहा, वही मागताना नाव न घेता बाकावर बोट टेकवा, काही दिलं नाही तर शून्य देण्याआधी एकदा दप्तर बघायला सांगा. तिसरं त्याचं स्वतःचं. मला सुचलंच नसतं.

वर्गशिक्षिकेने लगेच हो म्हटलं. गणिताच्या सरांनी वाचून घडी घालून खिशात ठेवली, बोलले काहीच नाहीत. आज त्याच्या वहीत गणिताचा गृहपाठ उतरवलेला दिसला. अर्धाच, पण तारीख टाकून.