बदलापूरला घर आत्ता घ्यावं की थांबावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. राहतो डोंबिवलीत भाड्याने, नोकरी ठाण्याला. बदलापूर पश्चिमेला बांधकाम चालू असलेला टू बीएचके बघितलाय, ४४ लाख. दिवाळीत ज्या सेल्सवाल्याला बोलायला वेळ नव्हता, तो आता रोज 'गुड मॉर्निंग' पाठवतो. पार्किंग फुकट, मॉड्युलर किचन फुकट. भाव मात्र रुपयानेही खाली येत नाही! महारेरावर (गृहप्रकल्पांची सरकारी नोंदणी असते त्या साइटवर) पाहिलं तर ताब्याची तारीख आधीच एकदा पुढे गेलेली.

४५ लाख आणि ६० चौरस मीटर कार्पेटच्या आत म्हणून जीएसटी १ टक्का. पण शेजारीच ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) असलेला रिसेल फ्लॅट आहे, तिथे जीएसटीच नाही आणि मालक घासाघीस करतोय. बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सुटतो, ते दोन्हीकडे सारखंच.

खरी धाकधूक उल्हास नदीची. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तो पट्टा लांब नाही. पश्चिमेला राहणाऱ्यांनो, पाणी कुठपर्यंत चढतं? स्टिल्ट पार्किंगमधल्या (इमारतीखाली खांबांमधल्या) गाड्यांचं काय होतं?

आणि रिसेलवाल्याला किती कमी सांगू? सासरे म्हणतात वर्षभर थांब, पण तोवर भाडं चालूच की.