मदत हवी आहे: एबोनाइटचं शाईपेन हिरवट पडलंय, शाईही ओकतंय

नमस्कार मंडळी,

डिचोलीहून लिहितोय. बाबा निवृत्त मराठी शिक्षक, वय ७६. गेल्या चवथीला त्यांच्यासाठी दक्षिणेतल्या एका कारागिराकडून काळ्या एबोनाइटचं पेन मुद्दाम घडवून घेतलं. संधिवातामुळे बारीक पेन धरवत नाही, म्हणून दांडी जाड, १५ मिमीची. क्लिप नको म्हणून सांगितलं, कारण बाबांच्या बंडीला खिसाच नसतो. निब ६ नंबरची जर्मन, शाई थेट दांडीत ड्रॉपरने भरायची. चार महिने वाट पाहिली. पेन आलं तेव्हा बाबांनी आधी हुंगलं आणि म्हणाले, "सायकलच्या ट्यूबचा वास येतो." पण खूश होते.

आता पावसाळ्यात बघतो तर दांडी शेवाळासारखी हिरवट-तपकिरी. बोटांना गंधकाचा वास लागतो. शिवाय शाई अर्ध्याखाली गेली की लिहिता लिहिता टपकन ठिपका पडतो. पूर्ण भरलेलं असताना एक थेंब सांडत नाही. आरत्यांच्या वहीची दोन पानं अशीच गेली.

बाबांची जुनी सवय अशी: दर रविवारी पेन उघडून रात्रभर तांब्यात भिजत घालायचं, सकाळी खिडकीत उन्हाला ठेवायचं. आजोबांचं पार्कर ५१ (पोर्तुगीज अमदानीत पणजीत घेतलेलं) त्याच तांब्यात न्हातं आणि अजून काळं कुळकुळीत आहे. त्यामुळे बाबांनी निकाल देऊन टाकलाय: "तुला नकली माल दिला." कारागीर फोनवर म्हणतो, माल अस्सल आहे, पाठवून द्या, बघतो. मला कळेना कोणाचं खरं मानू. पेन वाचेल का?

प्रतिसाद १

नकली असतं तर रंग बदलला नसता हो! एबोनाइट म्हणजे नैसर्गिक रबरात भरपूर गंधक घालून, तापवून कडक केलेला पदार्थ. ऊन आणि ओल एकत्र लागली की पृष्ठभागावरचं गंधक हवेशी संयोग पावतं, रंग उतरतो आणि तो वास सुटतो. पार्कर ५१ अ‍ॅक्रिलिकचं आहे, त्याला या आंघोळीचं काही वाटत नाही. दोन्ही पेनं काळी, एवढंच साम्य.

खात्री करायची असेल तर टोपण काढून आट्यांजवळ बघा. जो भाग टोपणाखाली झाकलेला असतो तो काळाच असायला हवा.

आणि कृपा करून गरम पाण्यात तर अजिबात घालू नका. त्याने एका बैठकीत रंग जातो.

प्रतिसाद २

शाई ओकण्याबद्दल. असल्या दांडीत साधारण ३ मिलि किंवा त्याहून जास्त शाई मावते, कन्व्हर्टरमध्ये (पेनात बसवायची, शाई ओढून घेणारी छोटी नळी) एक मिलिसुद्धा नाही. शाई संपत आली की तिची जागा हवा घेते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला जिभेतून (निबखालच्या, शाई पुरवणाऱ्या भागातून) बाहेर ढकलते. भरलेल्या पेनात फुगायला हवाच नसते, म्हणून तेव्हा ठिपका पडत नाही. तेव्हा अर्ध्यावर आली की भरून टाका. पेन आडवं ठेवलेलं असेल तर लिहिण्याआधी मिनिटभर निब वर करून उभं धरा. तरी थांबलं नाही तर कारागिराला विचारा, कन्व्हर्टर बसेल अशी सोय काही जण करून देतात.

आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन नको. आत रबरी रिंग असेल तर व्हॅसलिनने ती फुगते.

प्रतिसाद ३

पॉलिश घरी करू नका, मी केलंय. २००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासत बसलो, रंग आला, पण आट्यांच्या कडा गोल झाल्या आणि टोपण फिरतच राहिलं. वरचा पातळ थर लेथवरच नीट निघतो. आमच्या म्हापशाच्या घरी पावसात चपलांनाही बुरशी येते, तिथे पेनाची काय कथा! निबची बाजू तेवढी साध्या पाण्यात धुवा, दांडी पुसून घ्या आणि सावलीत वाळवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. टोपण काढून बाबांना दाखवलं. आट्यांखाली बोटभर पट्टा खरंच काळाभोर आहे, त्याच्यापुढे एकदम शेवाळ, अगदी रेघ मारल्यासारखं. चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मी त्या माणसाला नकली म्हटलं." फोन लावून देतो म्हटलं तर नको, पत्रच लिहिणार. त्याला मराठी येत नाही म्हटल्यावर म्हणाले, इंग्रजीत लिहितो. आजोबांचं पार्कर काढून बसलेत, तिसरा कागद चालू आहे. दमट हवेत शाई फुटते म्हणून कागदावरही राग निघतोय.

पेन आणि पत्र एकाच डब्यात जाणार. कुरियरला देण्याआधी शाई पूर्ण काढून दांडी कोरडी करायची, एवढं पुरे ना? की निब आणि जीभही वेगळी करून द्यायची?